वर्गाचे नियम मुलाला कोणी शिकवायचे?

वाचकाचा प्रश्न: बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका आईने हे पत्र लिहिले आहे. त्यांचा सात वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, सकाळच्या पाळीत, दुसरीत शिकतो. पहिलीत असताना आजी त्याला थेट बाकावर बसवून, दप्तर लावून परत येत असत. यंदा जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकांनी पालकांना दोन पानी पत्रक पाठवले. पालकांनी गेटबाहेरच थांबावे, दप्तर मुलाने स्वतः उचलावे, सात वीसनंतर येणाऱ्याची नोंद होईल, विसरलेली वही मागाहून घेतली जाणार नाही, डब्यात पाकिटातले पदार्थ नसावेत, पाणी पिण्यासाठी आणि स्वच्छतागृहात जाण्यासाठी ठरलेल्याच वेळा असतील, आणि गृहपाठाच्या डायरीवर पालकांची रोज सही हवी, असे त्यात आहे. वर्गात एक तक्ताही लावला आहे. नियम मोडला की नावापुढे लाल ठिपका पडतो आणि पाच ठिपके झाले की शुक्रवारच्या खेळाच्या तासाला बसून राहावे लागते. या मुलाला तीन आठवड्यांत सात ठिपके मिळाले असून शाळेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखते. वडिलांच्या मते मुलाला शिस्त लागत आहे, आजीच्या मते ही शाळा नसून लष्कर आहे. पत्रकावर सही अजून झालेली नाही. आईचा प्रश्न असा आहे की मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी, शाळा बदलावी, की आपलेच काही चुकत आहे असे समजावे?

तुमच्या चार पानी पत्रात 'शिस्त' हा शब्द अनेक ठिकाणी आला आहे, आणि 'सवय' हा शब्द एकदाही आलेला नाही. मी याच शहरात एकतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि असली पत्रके स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे तुमच्याकडे आलेले पत्रक मला दोन्ही बाजूंनी वाचता येते. त्यात मुलाच्या उपयोगाच्या सवयी आहेत, पालकांकडून सहकार्याची मागणी आहे आणि एक-दोन गोष्टी अशाही आहेत की ज्या कोणत्याही वर्गात असू नयेत. घरातले तुम्ही तिघे या सगळ्याला एकच वस्तू समजून तिच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत आहात, म्हणून वाद मिटत नाही.

आजींच्या 'लष्कर' या शब्दापासून सुरुवात करते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात अनेक वर्गांत चाळीस-पंचेचाळीस मुले बसतात. बाटली कुठे ठेवू, वही कुठे देऊ, तारीख कुठे लिहू, असे चाळीस मुलांनी अर्धे-अर्धे मिनिट विचारले तरी वीस मिनिटे जातात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासातला निम्म्याहून अधिक वेळ. म्हणून बाटल्यांची जागा ठरते, वह्या गोळा करण्याची रीत ठरते, रिसेसनंतर काय करायचे ते ठरते. ज्या मुलाला हे सगळे माहीत असते त्याला बेनच्या, म्हणजे शिक्षिकेच्या, चेहऱ्याकडे बघत बसावे लागत नाही. पुढे काय होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याचे मन मोकळे असते आणि ते मन तो वाचनाला, गणिताला देऊ शकतो. घरातही आपण चपला एका कोपऱ्यात आणि किल्ल्या एका खुंटीला ठेवतो, त्यामागे हाच विचार असतो. वर्गाच्या दिनक्रमाला मी या अर्थाने मुलाचे स्वातंत्र्य समजते, आणि पत्रकातल्या बहुतेक कलमांच्या बाजूने मी उभी आहे.

परंतु तुमच्या यजमानांच्या म्हणण्यातही एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की नियम सांगितला म्हणजे तो शिकवला गेला. नियम सांगून होतो, सवय मात्र करवून घ्यावी लागते. जूनचे पहिले दोन आठवडे मी पुस्तक क्वचितच उघडत असे. बाकावरून आवाज न करता उठणे, रांगेत पुढच्याला न ढकलता चालणे, डबा खाऊन झाल्यावर सांडलेले उचलणे, यांचा सराव आम्ही पाढ्यांसारखा करत असू, आणि गणपतीच्या दिवसांनंतर व नवरात्रीच्या नऊ रात्रींनंतर तो पुन्हा पहिल्यापासून करत असू, कारण बडोद्यात नवरात्रीत रात्री उशिरापर्यंत गरबा बघून आलेल्या मुलाकडून सकाळी सात वीसला काय अपेक्षा करायची हे प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक असते. दुसरीतले मूल आता मोठे झाले, हाही आपला समजच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडी आणि दुसरी त्यात शेजारी-शेजारी आहेत. म्हणून तुमच्या मुलाच्या सात ठिपक्यांबद्दल माझा पहिला प्रश्न असा की ते कोणत्या सात गोष्टींसाठी होते, आणि त्या सात गोष्टी त्याला करून दाखवून, त्याच्याकडून करवून घेऊन, कोणी आणि किती वेळा शिकवल्या होत्या?

येथे भाषेचा मुद्दा येतो. तुम्ही तो पत्रात ओझरता लिहिला आहे, मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचा मुलगा घरी मराठी बोलतो, खाली खेळताना गुजराती बोलतो आणि वर्गात सूचना इंग्रजीतून येतात. अशी मुले बहुधा पहिल्यांदा सूचना ऐकून हलत नाहीत. ती शेजारच्याकडे बघतात, तो काय काढतो ते पाहतात आणि मग तेच काढतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे मूल मंद किंवा बेपर्वा वाटते, वस्तुतः ते तीन भाषांमधून वाट काढत असते. हे तपासणे सोपे आहे. सुटीच्या दिवशी घरीच शाळा-शाळा खेळा, त्याला शिक्षक करा आणि बेन बोलतात तसे बोलायला सांगा. ज्या सूचना त्याला अर्थासकट येतात त्या तो ठसक्यात म्हणेल, आणि ज्या येत नाहीत तेथे नुसते पुटपुटेल. त्या पुटपुटण्यातल्या सूचना तुम्ही त्याला मराठीतून समजावून द्यायच्या. विशेषतः स्वच्छतागृहात जायची परवानगी मागण्याचे वाक्य त्याला नीट येते की नाही ते जरूर पाहा. गुजराती शाळेत मूल 'बेन, एकी जाउं?' असे सहज विचारते. इंग्रजी वाक्य न आठवल्यामुळे तासभर आवरून धरणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतली कित्येक मराठी घरांतली, अत्यंत सोशीक मुले होती.

आजी आणि दप्तर यांबद्दल तुम्हाला कदाचित आवडणार नाही असे लिहिते. गेटवर थांबण्याची अट मला योग्य वाटते. आजी वर्गात येऊन दप्तर लावतात तेव्हा त्या प्रेमच करत असतात, पण रोज सकाळी त्या मुलाला न बोलता असेही सांगत असतात की हे तुला जमणार नाही. शिवाय ज्या मुलांना सोडायला कोणी येऊ शकत नाही, ज्यांची रिक्षा त्यांना कोपऱ्यावर उतरवून पुढे जाते, ती मुले हे पाहत असतात. गेटवरचा निरोप छोटा असावा, रोज एकाच शब्दांत असावा आणि वळून पुन्हा परत येऊ नये. दोन-तीन दिवस रडू येईल, पण मागे फिरलेल्या पावलांनीच ते अधिक दिवस टिकते.

विसरलेल्या वहीचे मात्र वेगळे आहे. तुम्ही लिहिले आहे की रात्री मुलगा झोपल्यावर दप्तर तुम्ही भरता. मग वही तुम्ही विसरलात आणि ठिपका त्याला मिळाला. मुलाने स्वतःच्या विसरण्याचा परिणाम भोगावा हे तत्त्व चांगले असले तरी दप्तर त्याने भरले असेल तरच ते लागू पडते. तेव्हा संध्याकाळी दिवेलागणीनंतर दप्तर भरण्याची वेळ ठरवा. वेळापत्रक त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावा आणि प्रत्येक विषयापुढे त्या वहीच्या कव्हराचा रंग भरून घ्या. पहिला आठवडा तुम्ही त्याच्याबरोबर भरा, दुसऱ्या आठवड्यात नुसते जवळ बसा, तिसऱ्या आठवड्यात 'दप्तर झाले का?' एवढेच विचारा. तो विसरलाच तर धावतपळत वही पोचवायला जाऊ नका. डब्याचे झाकण, बाटलीचे बूच, बुटाचे बंद आणि पँटची झिप या चारही गोष्टी त्याला कोणाच्या मदतीशिवाय जमतात का, तेही एकदा स्वस्थपणे बघा. पंधरा मिनिटांच्या रिसेसमध्ये पाच मिनिटे झाकणाशी झगडणारे मूल उपाशी आणि उशिरा वर्गात येते, आणि मग त्यासाठीही ठिपका मिळतो. डब्याच्या नियमाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. थेपला, पोहे, खाखरा, पोळीचा लाडू, जे तो स्वतः सांडलवंड न करता खाऊ शकतो ते द्या.

आता ज्या दोन गोष्टींवर मी तुमच्याबरोबर आहे त्यांच्याकडे वळते. पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छतागृहाच्या ठरलेल्या वेळा. वेळा ठरवणे ठीक आहे, कारण त्यामुळे मुलांना जाऊन येण्याची आठवण राहते. परंतु त्या वेळांखेरीज जाता येणार नाही असा त्यांचा अर्थ होत असेल तर तो नियम शरीराच्या विरुद्ध आहे. आवरून धरायची सवय लागली की मुले पाणी पिणे कमी करतात, बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. तुमच्या मुलाच्या सकाळच्या पोटदुखीला कदाचित हेच कारण असेल, कदाचित नुसती धास्ती असेल. रविवारी आणि सुटीतही दुखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फक्त शाळेच्या दिवशी दुखत असेल तरी 'नाटक करतो' असे म्हणू नका, कारण धास्तीने दुखणारे पोट खरोखरच दुखते.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल ठिपके. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गात चांदण्यांचा तक्ता लावत असे, आणि मला तो प्रेमळ वाटत असे. एका वर्षअखेरीस तक्ता उतरवताना लक्षात आले की जूनमध्ये ज्यांच्या नावापुढे चांदण्या नव्हत्या त्यांच्याच नावापुढे मार्चमध्येही नव्हत्या. तक्त्याने कोणाचीही सवय बदलली नव्हती. कोण चांगला आणि कोण वाईट हे मात्र सगळ्या वर्गाला पाठ करून दिले होते. त्या मुलांची नावे मला आजही आठवतात आणि त्याचे वाईट वाटते. याच गुजरातेत, भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात, १९२०पासून गिजुभाई बधेका यांनी आणि पुढे त्यांच्या सोबतीला आलेल्या ताराबाई मोडक यांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवून मुलांना कामाची गोडी लावली होती. शंभर वर्षांनंतर आपण पुन्हा ठिपक्यांकडे जावे याचे मला दुःख होते. खेळाचा तास काढून घेणे तर आणखी चुकीचे आहे, कारण ज्या मुलाला स्वस्थ बसणे जड जाते त्यालाच धावण्याची सर्वाधिक गरज असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे छळ असे मी म्हणणार नाही, पण मुलाला चारचौघांत लाजवून शिकवू नये, हा त्या कलमामागचा हेतू स्पष्ट आहे.

पालकांवर अपेक्षा लादण्याचा शाळेला काय अधिकार, असेही तुम्ही विचारले आहे. आपल्या बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. तेव्हापासून पालक हा शाळेच्या कामात वाटेकरी आहे. मात्र वाटा दोन्हीकडून असतो. मुलाची हजेरी, त्याचे शिकणे आणि त्याची प्रगती यांविषयी पालकांशी नियमित बैठक घेऊन माहिती देणे हे आजच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ने शिक्षकांचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे वर्गशिक्षिकांची भेट मागताना तुम्ही कोणावर आरोप करत नाही, आणि त्या भेटल्या तर मेहेरबानीही करत नाहीत.

ही भेट सकाळी गेटवर घेऊ नका. सात पंधराला त्यांच्यासमोर चाळीस मुले असतात आणि त्या वेळी कोणतीही शिक्षिका फक्त बचाव करते. डायरीत लिहून शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटे मागा, शक्य असेल तर यजमानांनाही बरोबर न्या, आणि ठिपक्यांपासून सुरुवात न करता मुलापासून करा. असे म्हणता येईल: 'बेन, घरी आम्ही त्याला दप्तर स्वतः भरायला शिकवत आहोत. वर्गातली कोणती गोष्ट त्याला सर्वांत अवघड जाते ते सांगाल का? तीच आम्ही घरी करवून घेऊ.' त्यांनी एक गोष्ट सांगितली की मग तुमची विनंती ठेवा: सूचना तोंडी देण्याबरोबर फळ्याच्या कोपऱ्यात छोट्या चित्रांनी दाखवता येतील का, त्याला गरज लागेल तेव्हा स्वच्छतागृहात जाऊ द्याल का, आणि त्याच्या चुका तक्त्यावर न लिहिता आम्हाला डायरीतून कळवाल का? चित्रांचा फायदा फक्त तुमच्या मुलाला नव्हे, अर्ध्या वर्गाला होईल, आणि हे बेनच्या लवकरच लक्षात येईल. माझा अनुभव असा की बहुतेक शिक्षिका या बोलण्याला चांगला प्रतिसाद देतात, कारण त्यांच्याकडे येणारे पालक एक तर तक्रार घेऊन येतात किंवा येतच नाहीत. दोन-तीन आठवड्यांत स्वच्छतागृह आणि खेळाचा तास या दोन बाबतींत काहीच बदलले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात या दोनच गोष्टी लिहा आणि कलम १७चा उल्लेख करा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र आपल्या मुलाचे ठिपके चर्चेला टाकू नका. जे वर्गातल्या भिंतीवर नको ते चाळीस घरांच्या फोनवरही नको.

गृहपाठाच्या सहीवर थोडे थांबते, कारण तुमच्या घरातले सर्वाधिक भांडण तेथेच आहे. यजमान मकरपुऱ्याहून साडेआठला परततात, जेवण होते, नऊला गृहपाठ उघडतो आणि मुलगा सव्वादहाला झोपतो, असे तुम्ही लिहिले आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तासांची झोप लागते. सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाला किमान झोप मिळायची असेल तर तो नऊला अंथरुणात हवा; आज त्याला पावणेआठ तास मिळतात. उशिरा पोचणे, सूचना न ऐकणे, वही विसरणे यांतले कितीतरी त्या सव्वा तासात दडलेले असू शकते. केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास असावा, आणि पहिली-दुसरीचे दप्तर साधारण १.६ ते २.२ किलोपेक्षा जड नसावे. दप्तर मुलाने स्वतः उचलावे अशी शाळेची अपेक्षा असेल तर ते त्याला उचलता येण्याजोगे असावे ही तुमची अपेक्षाही रास्त आहे. घरच्या वजनकाट्यावर एकदा तोलून तो आकडा भेटीच्या वेळी सांगा. तोवर गृहपाठ दुपारी, जेवून थोडी झोप झाल्यावर, वीस मिनिटांत जेवढा होईल तेवढाच घ्या. उरला तर डायरीत 'वीस मिनिटे बसला, एवढे झाले' असे लिहून सही करा. या सहीने बेनना घरातली खरी परिस्थिती कळेल. रात्री दहाला मुलाचा हात धरून पूर्ण केलेल्या पानावरची सही त्यांना काहीच कळू देत नाही.

शाळा बदलण्याचा विचार आत्ता करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाच्या मध्ये बदललेली शाळा म्हणजे नवी बाटलीची जागा, नवी रांग, नवे शब्द, आणि जो मुलगा एका दिनक्रमाशी झगडतो आहे त्याला दुसरा पहिल्यापासून शिकावा लागेल. मुलाला मारले गेले, किंवा लेखी सांगूनही त्याला सर्वांसमोर अपमानित करणे चालूच राहिले, तर मात्र वर्ष संपायची वाट पाहू नका.

आजींना या सगळ्यातून बाहेर काढू नका. सकाळी गेटवरून परत फिरणे त्यांना फार जड जाणार आहे. दुपारी त्याला घ्यायला जाण्याचे काम त्यांच्याकडेच राहू द्या, आणि वाटेत 'आज ठिपका मिळाला का?' असे न विचारता 'रिसेसमध्ये कोणाशेजारी बसलास?' असे विचारायला सांगा. पत्रक गुजराती आणि इंग्रजीत असल्यामुळे त्यांना ते वाचता आलेले नाही, एवढे तुमच्या पत्रावरून कळते. या रविवारी तुम्ही ते मराठीत त्यांना वाचून दाखवा. सोमवारी त्यावर सही करून द्या, आणि सहीखाली दोन ओळी लिहा की दप्तर, वेळ आणि डबा यांची जबाबदारी आम्ही घेतो, आणि स्वच्छतागृह व खेळाचा तास यांविषयी भेटून बोलू इच्छितो.